नाताळच्या मध्यरात्री वाचली जाणारी यशयाची भविष्यवाणी कोणाविषयी आहे?

गोव्यातील चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात वाचला जाणारा, बायबलमधील संदेष्टा यशया याच्या ग्रंथाच्या ९ व्या अध्यायातील उतारा मुळात युद्धाने पोळलेल्या, उत्तर इस्राएलमधील गालीलातील लोकांना दाविद राजाच्या वंशातील न्यायी राजाचे अभिवचन देतो, आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते येशूमध्ये पूर्ण झाले. इसवी सनपूर्व ७३२ च्या सुमारास अश्शूरी सैन्याने गालीलातील जबुलून व नफताली हे प्रदेश बळकावले होते. म्हणूनच या उताऱ्यात सैनिकांचे जोडे आणि रक्ताने माखलेली वस्त्रे जाळली जातात. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण इथली आशा याच भूमीवरील शांततेची आहे. शुभवर्तमानकार मत्तयाने आपल्या ४ थ्या अध्यायात या भविष्यवाणीचे सुरुवातीचे शब्द येशूच्या गालीलातील कार्याला लावले. मात्र ज्यू परंपरेत या राजाचा संबंध बहुधा यशयाच्या काळातील यहूदाचा राजा हिज्कीया याच्याशी जोडला जातो.