कौतुक मनात आहे, पण इंग्रजीत सुचत नाही

"मॅडम, कौतुक मनापासून वाटतंय ओ, पण इंग्रजीत बोलाय गेलं की खोटं वाटतंय." सोलापुरात ही तक्रार माझ्याकडे सतत येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यातीचं काम बघणारा एक तरुणही तीच घेऊन आला. मेलमध्ये तो लिहायचा, 'आय ॲम व्हेरी व्हेरी इम्प्रेस्ड फ्रॉम युवर वर्क.'

मी विचारलं, "मराठीत आदराचं काय करतोस?"

"बाळगतो."

"आणि शाबासकीचं?"

"देतो."

"मग शाबासकी बाळगत का नाहीस?"

तो हसला. "तसं कुणी म्हणतच नाही की!"

इंग्रजीतही जोड्या अशाच ठरलेल्या. कॉम्प्लिमेंट 'पे' करतात. इम्प्रेस्डआधी 'डीपली' आणि नंतर 'बाय' किंवा 'विथ'. 'फ्रॉम' कधीच नाही. ॲडमायरआधी 'ग्रेटली' शोभतं, आणि कशासाठी ते 'फॉर' लावून सांगायचं. 'हायली रिस्पेक्टेड' चालतं, 'हायली ॲडमायर' मात्र खटकतं. 'हाय रिगार्ड' म्हणजे मोठा आदर, पण 'रिगार्ड्स' केलं की तो पत्राखालचा नमस्कार होतो. 'लुक अप टू' आदर्श वाटणाऱ्या माणसासाठी ठेवावं. बरोबरीचा सहकारी त्याने अवघडतो.

जोड्या पाठ झाल्या, तरी खोटेपणा जाईना. मग म्हटलं, "डॉ. कोटणीसांबद्दल एक वाक्य सांग."

"ही वॉज व्हेरी ग्रेट."

"का?"

आता तो मराठीत भरभरून बोलला. आपल्या सोलापूरचा माणूस, 1938 मध्ये चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला, 1942 मध्ये तिथेच वारला, अवघ्या 32 व्या वर्षी.

"हेच 'फॉर'च्या पुढे ठेव."

थोडा वेळ गेला. मग सावकाश, एकेक शब्द तोलत तो म्हणाला, "आय ग्रेटली ॲडमायर डॉक्टर कोटणीस फॉर स्टेइंग विथ द वूंडेड." या वेळी आवाज कापला नाही.

खोटं वाटत होतं ते इंग्रजीमुळे नव्हे, 'फॉर'पुढची जागा रिकामी होती म्हणून. कारण सापडलं की 'व्हेरी'ची गरजच उरत नाही. आधी धीर येईल, मग बोलू, असं मी कुणालाच सांगत नाही. बोलता बोलताच धीर येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून 14 दिवस रोज एकच जोडी घ्यायची, ओळखीच्या तीन माणसांवर तीन वाक्यं करायची, तीही मोठ्याने. प्रत्येक वाक्यात कारण हवंच, आणि जोर देणारा शब्द एकच.

दुसऱ्या आठवड्यात त्याने परदेशी डिझायनरला लिहिलेला मेल दाखवला: 'आय वॉज डीपली इम्प्रेस्ड बाय द बॉर्डर यू चोज.'