मणक्यातल्या गाठीचं दुखणं एसबीआरटीने खरंच कमी होतं का?

होतं, पण त्याच दिवशी नाही, आणि हे आधी कुणी सांगितलं नसेल तर घरातले सगळे घाबरून जातात. तुमच्या वडिलांना एसबीआरटीचे, म्हणजे गाठीवर नेम धरून थोड्याच वेळा जास्त डोसने दिलेल्या रेडिएशनचे, दोन सीटिंग सांगितलेत म्हणून लिहितेय, माझ्या आईलाही तेवढेच होते. किडनीचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात उतरला होता, कूस बदलता यायची नाही, रात्र रात्र बसून काढायची.

यात मशीन वेगवेगळ्या बाजूंनी किरण टाकतं, सगळा मारा गाठीवर आणि अगदी खेटून असलेल्या मज्जारज्जूला जमेल तेवढा कमी. म्हणून एमआरआय आणि सीटी एकावर एक जुळवून प्लॅनिंग करतात, त्यात थोडे दिवस जातात. आईला एका गादीवर झोपवून त्यातली हवा काढली की ती गादी तिच्या अंगाच्या आकाराची कडक व्हायची. किरणांचं काहीच कळत नाही हो, जीव जातो तो पाठीवर न हलता पडून राहण्यात. पहिल्या दिवशी आत जायच्या आधी दुखण्याची गोळी द्यायची का हे आम्ही विचारलंच नाही आणि तिने मुठी आवळून पाऊण तास काढला, बाहेर आली तेव्हा तळहातावर नखांचे वण होते. तुम्ही आधीच विचारून ठेवा.

दुसऱ्या सीटिंगनंतर रात्री दुखणं उलट वाढलं, मला वाटलं संपलं सगळं. फोन केला तर म्हणाले काहींना होतं असं, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं आणि ओसरलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बघते तर आई कुशीवर झोपलेली, उशी स्वतःच ओढून घेतलेली.

सगळ्यांनाच असा गुण येतो असं नाही. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात एसबीआरटीच्या दोन सीटिंगमध्ये २४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) दिलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांचं दुखणं तीन महिन्यांनी पूर्ण गेलं होतं, साध्या रेडिएशनचे पाच सीटिंग घेतलेल्यांत १४ टक्के. पण एकाच सीटिंगच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात असा फायदा दिसला नाही, त्यामुळे उद्या डॉक्टर साधंच रेडिएशन म्हणाले तर हलक्यातलं देतायत असं अजिबात समजू नका.

आणि दुखणं थांबलं तरी बाबांना वजन उचलू देऊ नका, नंतरही तो मणका दबू शकतो. पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्र असली तरी तेव्हाच घेऊन जा.