एक कनेक्शन, दोन घरं: वाचकांचे प्रश्न

'आमच्याकडे इंटरनेट आहे, शेजारी काकांकडे नाही, एकावरच भागेल का?' हा प्रश्न कुठल्याही गावाहून आला तरी त्यातला घोळ एकच असतो. वायफायच्या रेंजची चिंता सगळ्यांना असते. दोन घरांच्या मधून कसली तार चालली आहे, हे कोणी बघत नाही. काही निवडक प्रश्न घेतो. त्याआधी सगळ्यांना लागू असलेली गोष्ट: कनेक्शन ज्या पत्त्यावर घेतलंय त्याबाहेर ते देता येतं का, हे करारात लिहिलेलं असतं आणि घरगुती करारात बहुधा ते चालत नाही. सामान आणण्याआधी ऑपरेटरला विचारा. होकार मिळाला तर मेसेजवर लेखी घ्या.

आमच्या आणि आत्याच्या घरामध्ये तीस फुटांचं अंगण आहे. दोन्ही घरं जांभ्याची. आत्याच्या माजघरात रिपीटर लावला. मोबाइलवर रेंज फुल दिसते, पण व्हिडिओ गोल फिरत बसतो. (संगमेश्वर)

मोबाइलवरच्या काड्या रिपीटर आणि मोबाइल यांच्यामधल्या आहेत. रिपीटरला तुमच्या राउटरकडून काय मिळतंय, ते त्या सांगत नाहीत. माजघरापर्यंत सिग्नलला जांभ्याच्या दोन-तीन भिंती ओलांडाव्या लागतात. तिथे जे पोचतं तेच रिपीटर पुढे ढकलतो, आणि साधा सिंगल बँड रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, म्हणून उरलेला वेगही निम्मा होतो. रिपीटर आत्याकडे अंगणाच्या बाजूच्या खिडकीत आणा आणि तुमचा राउटर समोरच्या खिडकीजवळ सरकवा. खिडकीवर पत्रा नको. रिपीटर ड्युअल बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) असेल तर राउटरशी जोडणी 5 गिगाहर्ट्झवर ठेवा. एवढं करूनही व्हिडिओ अडकला तर दुसरा रिपीटर आणू नका. तार टाका, आणि ती कुठली ते खाली वाचा.

कंपनीची फायबर वायर मध्येच जोडून दुसरा मोडेम लावता येईल का? (बार्शी)

नाही. फायबरवरचा प्रत्येक मोडेम कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, बाहेरचा तिथे चालत नाही. वर मध्ये स्प्लिटर (फायबरला फाटा फोडणारा तुकडा) घातला की प्रकाश निम्म्याहून कमी होतो आणि तुमच्याच मोडेमवर लाल दिवा लुकलुकायला लागतो.

भावाचं घर साठ मीटरवर आहे, मीटर वेगळा, फेजही वेगळा. इलेक्ट्रिशियन म्हणतो शिल्डेड कॅट-6 वायर टाकू, तिला दोन्हीकडे अर्थिंग मिळतं म्हणून विजेचा धोका राहत नाही. बरोबर आहे का? (सांगली)

साफ चूक. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत हाच सल्ला कोणीतरी कोणालातरी दिलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंतराचा प्रश्न नाही. कॅट-6 ही तांब्याची लॅन वायर 100 मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. प्रश्न असा, की तुमच्या घराची अर्थ आणि भावाच्या घराची अर्थ या दोन वेगळ्या जागी पुरलेल्या वेगळ्या अर्थ आहेत. उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच उरते. मुरमात आणि जांभ्यात तर अधिकच. शिल्डेड वायरवरचं धातूचं आवरण दोन्हीकडे जोडलं की ती दोन घरांच्या अर्थमधली दोरी होते. एका घराचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला किंवा फेज अर्थला लागला, की तो प्रवाह त्या बारीक आवरणातून दुसऱ्या घराकडे वाट काढतो. डेटासाठी टाकलेली तार मग गरम होते, वितळते, आणि हात लावणाऱ्याला झटका देते.

आता पावसाळी विजेचं. शंभरेक मीटरवरच्या नारळावर वीज पडली तरी आसपासच्या जमिनीचा विद्युतदाब क्षणभर हजारो व्होल्टनी वर जातो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. दोन घरांमधला तो फरक तुमच्या वायरच्या दोन टोकांवर येतो. लॅन पोर्टच्या (ही वायर राउटरमध्ये जिथे खोचतात त्या खाचेच्या) आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते साधारण 1500 व्होल्टपर्यंतच तग धरतात. म्हणून मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात 'वीज तर घरावर पडली नाही, मग राउटर, टीव्ही, सीसीटीव्हीचा डबा सगळं एकदम कसं गेलं' असं लोक विचारतात. ते तारेवरून गेलं. शिल्ड नसलेल्या वायरने पहिला धोका टळतो, हा टळत नाही. वायरच्या टोकाला लावायची 'लाइटनिंग प्रूफ' डबी खात्रीची अर्थ नसेल तर शोभेची, आणि ती विकणारा अर्थ मोजायला येत नाही.

उपाय फायबर. काचेतून वीज जात नाही, विषय संपला. मीटरच्या भावात ती चांगल्या कॅट-6 पेक्षा स्वस्तच पडते. सामान एवढंच: सिंगल मोड ड्रॉप वायर (घराबाहेरून ओढायची बारीक फायबर), दोन गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर एकमेकांना जोडणारे डबे), आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॅन वायर. कन्व्हर्टर जोडीने घ्या, एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलेलं हवं. एक 1310 नॅनोमीटरवर पाठवतो आणि 1550 वर घेतो, दुसरा उलट. दोन्ही ए घेतलेत तर फायबरचा दिवा लागणारच नाही. दुकानदार '10/100' लिहिलेला गळ्यात मारतो. त्यावर 200 चा प्लॅन 100 वरच थांबेल. कनेक्टर दोन्हीकडे निळे, हिरवा निळ्यात खुपसू नका. टोकं जोडायला स्प्लायसिंग मशीनवाला (फायबर वितळवून सांधणारा) बोलवा, तासाभराचं काम आहे.

ड्रॉप वायर घेताना आतल्या बळकटीच्या काड्या एफआरपीच्या (धातू नसलेल्या, फायबरग्लासच्या) आहेत ना, ते विचारा. वायरसोबत पोलादाची जी तार असते ती भिंतीच्या हुकाला गुंडाळून तिथेच तोडा. ती घरात आणलीत तर फायबर टाकून काय मिळवलं? वळण तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर वेटोळं राखून ठेवा, आणि भिंतीत शिरण्याआधी वायर खाली झोळ देऊन वर घ्या म्हणजे पाणी आत उतरत नाही. महावितरणच्या खांबाला वायर बांधू नका. मध्ये रस्ता असेल तर ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला विचारल्याशिवाय ओलांडू नका.

फायबर असली तरी वीज ॲडाप्टरमधून येतेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. तो आला की ॲडाप्टर सॉकेटमधून उपसून ठेवा. बटण बंद करणं पुरत नाही. आणि दोन्ही घरांची अर्थ परवानाधारक ठेकेदाराकडून मोजून घ्या. बघून नव्हे, मोजून.

मामांचं घर 350 मीटरवर, मध्ये आमराई. वायरलेस डिश लावली तर पावसात बंद पडेल का? (देवगड)

पावसाने नाही, पानांनी. 5 गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरावर पावसाचं सोयरसुतक नाही. ओली पालवी मात्र सिग्नल पिऊन टाकते. नुसती डिशला डिश दिसून भागत नाही. 350 मीटरच्या मधोमध त्या रेषेभोवती निदान दीड मीटर मोकळं लागतं. जानेवारीत छाटलेल्या कलमांवरून लावाल आणि जूनमध्ये जोडणी तुटेल, म्हणून दोन वर्षांची वाढ धरून पाइपची उंची ठरवा. सेटिंगमध्ये देश 'भारत' ठेवा. 5 गिगाहर्ट्झचे पट्टे ऑक्टोबर 2018 पासून विनापरवाना खुले आहेत, पण ताकदीच्या मर्यादेसह. परदेश निवडून ताकद वाढवायची युक्ती बेकायदा आहे. चॅनेलची रुंदी 20 किंवा 40 मेगाहर्ट्झ पुरे. डिशला वीज देणारा डबा तिच्यासोबत आलेलाच वापरा: 24 व्होल्टच्या डिशला 48 चा लावला तर ती जळू शकते. लोखंडी पाइप उंच जाणार असेल तर त्याच्या अर्थिंगचं आधी ठेकेदाराला विचारा.

दुसऱ्या घरात जुना राउटर जोडला की दोन्हीकडचं इंटरनेट जातं. (कल्याण)

दोन्ही राउटर पत्ते वाटत बसलेत. जुन्या राउटरचा पत्ता 192.168.1.2 करा (मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर), त्यातलं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि येणारी वायर वॅन पोर्टऐवजी (इंटरनेटची वायर एरवी जिथे लावतात) लॅन पोर्टमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. दोघांमध्ये दुसरी लॅन वायर चुकून जोडलेली नाही ना, तेही बघा. त्या वेटोळ्याने सगळं ठप्प होतं.

100 एमबीपीएस दोन घरांना पुरेल? दोन्हीकडे मिळून चार कॅमेरे आहेत. (लातूर)

माणसांना पुरेल. कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्ड करत असतील तर हिशेब करा: प्रत्येकी 2 मेगाबिटने चार कॅमेरे महिन्याला सुमारे 2600 जीबी खातात. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या अनेक प्लॅनचा वेग 3300 जीबीनंतर घसरतो, ते बारीक अक्षरात असतं. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर रेकॉर्ड करा.

भाच्याला देतोच आहे, तर वाडीतल्या पाच घरांनाही महिना शंभर रुपयांत द्यावं का? (फोंडा)

नको. ते इंटरनेट विकणं झालं. विकायचंच असेल तर 2020 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तीत छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय देता येतं, पण ठरलेल्या पद्धतीने. कुणी तुमच्या कनेक्शनवरून उद्योग केला तर पोलिस पहिले तुमच्या दारात येतात, भाच्याच्या बाबतीतही. त्याला गेस्ट नेटवर्कचा वेगळा पासवर्ड द्या आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा.

सॉकेटमध्ये खोचायचा 'बूस्टर' वेग तिप्पट करतो म्हणतात. (जालना)

पैसे वाचवा.

मागच्या वर्षी दिराच्या घरापर्यंत लॅन वायर टाकली आहे. आता तिच्या टोकाला हात लागला की झिणझिण्या येतात, कधीकधी दिवेही एकदम प्रखर होतात. वायरमन म्हणाला, पाऊस ओसरू दे, मग बघू. (पाटण)

पाऊस ओसरायची वाट बघू नका. नुसत्या झिणझिण्या असत्या तर दोन पिनांच्या ॲडाप्टरमधून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह, असं कदाचित म्हणता आलं असतं. दिवे प्रखर होतात म्हणजे न्यूट्रल सैल आहे किंवा तुटला आहे असं धरून चाला. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. दोन्ही घरांचे मेन स्विच बंद करा, एकाचा नव्हे, दोन्ही. मगच पायात रबरी चप्पल आणि कोरडे हात ठेवून वायर राउटरमधून काढा, धातूच्या भागाला न शिवता, आणि दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. महावितरणला 1912 वर 'न्यूट्रल गेला आहे' याच शब्दांत तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या. परवानाधारक ठेकेदाराने न्यूट्रल आणि अर्थ मोजून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवेपर्यंत मेन चालू करू नका. ती वायर पुन्हा जोडायचीच नाही.