"पोरीले फी माफच हाय म्हणे, भरू काय पन्नास हजार?"

दारव्हा तालुक्यातलं कुटुंब. चार एकर, कपाशी आणि तूर. मोठी मुलगी बारावी झालेली, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, ९० पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वडील बसल्या बसल्या म्हणाले, "सर, पोरगी म्हनते एआयच पायजे. नागपूरचा एक मानूस घरी येऊन गेला. म्हने पोरीले फी माफच हाय, पन्नास हजार भरून सीट पक्की करून टाका. भरू काय?"

निकाल लागला की हाच प्रश्न गावं बदलून येतो. उत्तर एकच: भरू नका.

तो माणूस म्हणत होता त्यातलं अर्धं खरं होतं. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला तरच. मॅनेजमेंट कोट्याच्या किंवा संस्था पातळीवर भरलेल्या जागेला ही सवलत लागू नाही. घरी येऊन विकली जाते ती बहुतेक हीच जागा. पन्नास हजार गेले की पहिल्याच वर्षी पूर्ण फीची पावती हातात पडते. शिवाय माफी असली तरी विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यांचा खर्च राहतोच. तो हिशेब आधी मांडावा.

मग मुलीकडे वळलो. एआय म्हणजे काय शिकायचं, यावर ती गप्प. हे वावगं नाही. शाखेचं नाव ऐकून हट्ट धरणारी ती एकटी नाही. तिच्यासमोर एकाच विद्यापीठाचे कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्सचे अभ्यासक्रम ठेवले. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क दोन्हीकडे. एआयमध्ये संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंगचे विषय जास्त, तेही बहुतेक तिसऱ्या-चौथ्या वर्षात. म्हणजे कॉम्प्युटर किंवा आयटी मिळालं तर एआय हातचं गेलं, असं होत नाही. विद्युत शाखा घेऊनही अनेक स्वायत्त महाविद्यालयांत १८ ते २० जादा क्रेडिट करून कॉम्प्युटरचं मायनर (मुख्य शाखेसोबतचा जोडविषय) घेता येतं.

वडिलांना विद्युत शाखेतली नोकरी लगेच समजली. महावितरण रोज दारात असतं. कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूरची वीज केंद्रंही ऐकून माहीत. अशा भरतीत विद्युत अभियंत्याच्या पदाला त्याच शाखेची पदवी मागतात, एआयची चालत नाही. उलट सॉफ्टवेअर कंपन्या कोडिंग येणाऱ्या इतर शाखांच्या मुलांनाही घेतात. दोन्ही दारं उघडी ठेवायची तर विद्युत अधिक मायनर हा सौदा आमच्या मते सुमार कॉलेजातल्या एआयपेक्षा बरा.

खरी गडबड पर्याय अर्जात, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या यादीत होती. कॅफेवाल्यानं सहाच पर्याय भरलेले, आणि "हे तरी नक्की लागते" म्हणून यवतमाळजवळचं एक खासगी कॉलेज पहिल्या नंबरवर. २०२५-२६ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते; पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तरी तसंच. म्हणून क्रम कटऑफ पाहून लावायचा नाही, मनातून लावायचा. खात्रीचे पर्याय शेवटी. वर टाकलेला पर्याय नाही मिळाला तर खालचे जात नाहीत, हे वडिलांना दोनदा सांगावं लागलं. पर्याय ३०० पर्यंत भरता येतात, आणि अर्ज कन्फर्म केला नाही तर भरूनही न भरल्यासारखाच.

नवी यादी ३४ पर्यायांची झाली. वर अमरावती, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयांतल्या शाखा तिच्या आवडीच्या क्रमानं, मग शेगाव-बडनेऱ्याकडची खासगी, आणि ते "नक्की लागणारं" तळाशी.

कागदांत नॉन-क्रिमीलेअर जुनं निघालं. ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. दुसऱ्याच दिवशी सेतू केंद्रात अर्ज पडला. जात वैधता तिच्या शाळेनं अकरावीतच मागवून ठेवली होती, नाही तर तिथंच अडकलं असतं.

पहिल्या फेरीत बारावा पर्याय लागला. हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून जागा धरली आणि चांगल्या पर्यायासाठी पुढे गेलो. दुसरीत सातवा आला. वडिलांचा फोन: "आता बस करू काय?" सातवा पहिल्या तिनात नव्हता, म्हणून थांबणं सक्तीचं नव्हतं, तिसरीत वरचं काही मिळालं नाही तर सातवा हातात राहणारच होता. तिसऱ्या फेरीत चौथा मिळाला, शासकीय महाविद्यालयातली विद्युत, आणि जागा गोठली. त्याच संध्याकाळी वसतिगृहाचा वेगळा अर्ज भरायला घेतला.