मार्वलचे ‘स्पेशल प्रेझेंटेशन’ पाहिलेच पाहिजेत का? पाहायचे तर कधी आणि कसे?

तुमचा प्रश्न असा आहे: मार्वलचे सगळे चित्रपट पाहून झालेत, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’चा तिसरा भाग आता पाहणार आहात, आणि मध्येच ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ व ‘हॉलिडे स्पेशल’ ही दोन नावं दिसली. हे चित्रपट आहेत की मालिका, आणि वगळले तर काही बिघडतं का?

आधी थेट उत्तर. ‘गार्डियन्स’चं हॉलिडे स्पेशल तिसऱ्या भागाच्या आधी पाहाच. ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ वगळलंत तर पुढच्या कुठल्याही कथेत अडणार नाही, पण दोघांत जास्त चांगलं तेच आहे, त्यामुळे वगळू नका.

हे दोन्ही ना चित्रपट आहेत, ना मालिकेचा भाग. पाऊण ते एक तासाची, एकदाच सुरू होऊन एकदाच संपणारी गोष्ट, असा हा प्रकार. अमेरिकी टीव्हीवर तो जुना आहे: नाताळ, हॅलोविन अशा सणांच्या आसपास नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून एक खास कार्यक्रम दाखवायचा. आपल्याकडे मासिकाचा दर महिन्याचा अंक वेगळा आणि दिवाळी अंक वेगळा, तसंच काहीसं. म्हणून ‘वेअरवुल्फ’ ७ ऑक्टोबर २०२२ला, हॅलोविनच्या महिन्यात आलं आणि हॉलिडे स्पेशल २५ नोव्हेंबर २०२२ला, नाताळच्या तोंडावर. दोन्हींच्या सुरुवातीला येणारं ‘स्पेशल प्रेझेंटेशन’चं फिरतं बोधचिन्ह आणि त्याची धून अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या जुन्या ‘स्पेशल’च्या सुरुवातीला मानवंदना म्हणून केलेली आहे. ‘स्किप’ दाबू नका, काही सेकंदांचीच आहे.

मार्वलचे ‘वन-शॉट’ हा वेगळा प्रकार, त्यात गोंधळ करू नका. २०११ ते २०१४ दरम्यान चित्रपटांच्या डिस्कबरोबर आलेले ते लघुपट आहेत, ४ मिनिटांपासून साधारण पाव तासापर्यंतचे, आणि बहुतेक कुठल्यातरी चित्रपटाचं शेपूट म्हणून बनलेले. स्पेशलला स्वतःचा आरंभ, मध्य आणि शेवट असतो.

सुपरहिरोंचे स्पेशल ही काही मार्वलने शोधलेली गोष्ट नाही. जानेवारी १९७९मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘लेजंड्स ऑफ द सुपरहिरोज’ नावाचे दोन स्पेशल आले होते, त्यात ॲडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड पुन्हा बॅटमन-रॉबिन झाले होते. डीसी या प्रतिस्पर्धी कॉमिक कंपनीच्या नायकांना प्रेक्षकांच्या हशासमोर उभं करून विनोद करायला लावले होते, आणि ते अजिबात जमलं नव्हतं. आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९७८मध्ये, सीबीएसने ‘स्टार वॉर्स’चं हॉलिडे स्पेशल एकदाच दाखवलं आणि त्याची इतकी नाचक्की झाली की ते अधिकृतपणे पुन्हा बाहेर आलं नाही. दोन्हीकडे चूक एकच: आधी सणाचा कार्यक्रम ठरवला, मग ओळखीची पात्रं आणून त्यात गाणी-विनोद भरले. कोणाला काय हवंय आणि आज रात्री ते मिळालं नाही तर काय होईल, हे कुठेच नव्हतं.

‘वेअरवुल्फ’ नेमकं इथे जिंकतं. अख्खी गोष्ट एका रात्रीत घडते. राक्षसांचा शिकारी युलिसिस ब्लडस्टोन मेला आहे. त्याच्या वाड्यावर शिकारी जमलेत. त्याचा तांबडा मणी एका राक्षसाच्या अंगावर बसवून त्याला चक्रव्यूहासारख्या बागेत सोडलंय. जो राक्षसाला मारेल त्याला मणी. जॅक रसेलला (गायेल गार्सिया बर्नाल) मणी नकोय, त्याला तो राक्षस सोडवायचाय. एल्साला (लॉरा डॉनेली) वडिलांचा मणी हवाय, बाकी कशाशी तिला देणंघेणं नाही. दोघांची कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, एवढ्या एका धाग्यावर ५३ मिनिटं टिकतात. हीच गोष्ट सहा भागांची केली असती तर प्रत्येक शिकाऱ्याला भूतकाळ द्यावा लागला असता आणि सगळी हवा निघून गेली असती.

दिग्दर्शक मायकल जियाकिनो मुळात संगीतकार, ‘अप’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालेला. त्याने हे जुन्या भयपटांच्या धर्तीवर कृष्णधवल ठेवलं. जॅकचं रूपांतर होतं तो प्रसंग नीट पाहा. कॅमेरा जॅककडे बघतच नाही. तो पिंजऱ्यात मागे सरकणाऱ्या एल्साच्या चेहऱ्यावर जातो आणि जॅकची सावली तिच्या मागच्या भिंतीवर वाकडीतिकडी होत जाते. लांडगा होताना आपण पाहत नाही, तिला तो दिसतोय हे पाहतो. त्याच्या थोडं आधी जॅक एल्साचा वास घेऊन ठेवतो, का ते शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. लांडग्याचं रूपही संगणकावर उभं न करता नटाच्या चेहऱ्यावर मेकअप चढवून केलंय.

ऑक्टोबर २०२३मध्ये याचीच रंगीत आवृत्ती आली, तिच्या नावापुढे ‘इन कलर’ असतं. पहिल्यांदा पाहताना ती उघडू नका, ही चूक फार जणांकडून होते. कृष्णधवल आवृत्तीत तांबडा फक्त तो मणी आहे, बाकी सगळं काळं-पांढरं, आणि अगदी शेवटी चित्रात हळूहळू रंग भरतात. रंगीत आवृत्तीत तो शेवट हातचा जातो. शिवाय रक्त भरपूर आहे, काही वेळा थेट लेन्सवर उडतं. काळ्या-पांढऱ्यात ते शैली म्हणून खपतं, रंगात अंगावर येतं.

टीव्हीच्या सेटिंगमुळे हे स्पेशल जितकं बिघडतं तितकं दुसरं काही बिघडत नाही, म्हणून लावायच्या आधी पाच मिनिटं द्या. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर पांढरा निळसर दिसतो आणि कृष्णधवल चित्रात ते लगेच डोळ्यांत खुपतं. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड घ्या, कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद करा: सॅमसंगवर त्याचं नाव ‘ऑटो मोशन प्लस’ (नव्या टीव्हींवर ‘पिक्चर क्लॅरिटी’), एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. ते चालू राहिलं तर भयपट स्टुडिओत शूट केलेल्या दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. नॉइज रिडक्शनही बंद करा, कारण यात जुन्या फिल्मचे कण आणि रीळ बदलताना कोपऱ्यात दिसायचे तसे ठिपके मुद्दाम टाकलेत. टीव्ही त्यांना दोष समजून पुसतो आणि त्यांच्याबरोबर चेहऱ्यांचे बारकावेही जातात. इंटरनेट हळू असेल तर काळ्या भागात चौकोन चौकोन दिसतात. त्यावर टीव्हीची ब्राइटनेस वाढवून काहीच होत नाही, उलट चौकोन आणखी ठळक होतात. खोलीतला दिवा घालवा आणि इंटरनेटवर गर्दी कमी असेल तेव्हा लावा.

आधी काही पाहिलेलं असण्याची गरज नाही. सुरुवातीच्या निवेदनात ॲव्हेंजर्सची चित्रं येतात, जोडणी एवढीच. मून नाइट हे पात्र १९७५मध्ये ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ याच कॉमिकमध्ये पहिल्यांदा आलं, म्हणून काही जण त्याची वाट पाहत बसतात. तो यात नाही. पोस्ट-क्रेडिट सीनही नाही. आणि लहान मुलांना हे दाखवू नका: ज्याला भीती वाटते तो टेडचा (बागेत सोडलेला तो राक्षस) स्पर्श होताच जळतो, आणि ते स्पष्ट दाखवलंय.

‘गार्डियन्स’च्या स्पेशलची तऱ्हा उलटी. गोष्ट बारीक आहे: गार्डियन्सचा म्होरक्या पीटर उदास आहे, म्हणून त्याचे साथीदार ड्रॅक्स आणि मँटिस पृथ्वीवर जाऊन त्याला भेट म्हणून अभिनेता केव्हिन बेकनला उचलून आणायचं ठरवतात. बेकन स्वतःचीच भूमिका करतो. पाऊण तासात संपतं, आणि मधला हॉलिवूडमधला भाग मला जरा लांबलेला वाटतो. पण दिग्दर्शक जेम्स गनने हे तिसऱ्या भागाच्या चित्रीकरणाबरोबरच, त्याच सेटवर केलंय, त्यामुळे त्या चित्रपटाची बरीच पूर्वतयारी इथे उरकलेली आहे. ‘नोव्हेअर’ हे अंतराळातलं ठाणं आता गार्डियन्सच्या मालकीचं आहे, कॉस्मो कुत्री त्यांच्यात आली आहे, ग्रूट दणकट झाला आहे, आणि मँटिस पीटरला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगते, ज्यामुळे त्यांचं नातंच बदलतं. मे २०२३मध्ये आलेला तिसरा भाग हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून सुरू होतो. स्पेशल न पाहता गेलेल्यांना ‘हे कधी झालं?’ असा प्रश्न पडतो तो यामुळेच.

याचा क्रम: ‘गार्डियन्स’ १ आणि २, मग ‘इन्फिनिटी वॉर’, ‘एंडगेम’, ‘थॉर: लव्ह अँड थंडर’, मग हे स्पेशल, मग तिसरा भाग. वेळ कमी असेल तर थॉर सोडा, पण दुसरा भाग सोडू नका. पीटरचा बाप कोण होता ते ठाऊक नसेल तर मँटिसचं बोलणं वाया जातं. रॉकेटला नेब्यूलाकडून मिळणारी भेट कळायला ‘इन्फिनिटी वॉर’ लागतं. सबटायटल चालू ठेवा, कारण सुरुवातीला परग्रहावरचा बँड नाताळावर जे गाणं म्हणतो त्यातला प्रत्येक तपशील चुकीचा आहे आणि सगळी गंमत शब्दांत आहे. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका, पुढे ग्रूटचा एक सीन आहे.

स्ट्रीमिंग ॲपवर हे स्पेशल शोधताना मालिकांच्या रांगेत वेळ घालवू नका, थेट नाव टाका. भाग क्रमांक दिसत नसला तरी बिघडलं काही नाही, एवढंच आहे ते.

२०२५मध्ये मार्वलच्याच पनिशर या पात्रावरही (नट जॉन बर्नथाल) स्पेशल जाहीर झालं. ते पाहण्याआधी ‘डेअरडेव्हिल’चा २०१६चा दुसरा सीझन आणि ‘द पनिशर’चे २०१७ व २०१९चे दोन सीझन पाहून घ्या. सगळं जमणार नसेल तर निदान ‘डेअरडेव्हिल’च्या त्या सीझनचे पहिले चार भाग पाहा, फ्रँक कॅसल, म्हणजे पनिशर, हा माणूस काय आहे ते तेवढ्यात कळतं.