वितरण रोहित्रातील वार्षिक ऊर्जाहानीचा अंदाज सरासरी भारावरून काढता येतो का?

काढता येतो, परंतु तो हमखास कमी येतो. रोहित्राच्या गाभ्यातील लोहहानी भार असो वा नसो, वर्षाचे 8760 तास जवळजवळ स्थिर राहते. वेटोळ्यांतील ताम्रहानी मात्र भाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, आणि वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गाहून मोठी असल्यामुळे चूक नेमकी इथेच होते.

समजा, 100 केव्हीए रोहित्राची लोहहानी 250 वॅट, पूर्णभारावरील ताम्रहानी 1500 वॅट, कमाल भार 80 टक्के आणि भारगुणक (सरासरी भार भागिले कमाल भार) 0.5 आहे. लोहहानी वर्षाला 2190 युनिट होते. कमाल भारावरील ताम्रहानी 1500 × 0.64 म्हणजे 960 वॅट. हानिगुणकासाठी (सरासरी ताम्रहानी भागिले कमाल भारावरील ताम्रहानी) 0.2 × भारगुणक + 0.8 × भारगुणकाचा वर्ग हे प्रचलित सूत्र घेतल्यास तो 0.3 येतो, म्हणून ताम्रहानी सुमारे 2523 युनिट आणि एकूण हानी 4713 युनिट. सरासरी 40 टक्के भार धरला असता, तर ताम्रहानी 2102 युनिटच दिसली असती.

हे सूत्र अनुभवजन्य आहे. मीटरमध्ये दर अर्ध्या तासाच्या नोंदी असतील, तर प्रत्येक नोंदीचा वर्ग घेऊनच बेरीज करावी. तिन्ही फेजांवरील भार असमान असल्यास प्रत्यक्ष हानी याहूनही जास्त असते.