तक्त्यातले दोन रकाने

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

धर्मशिक्षणाच्या तासाला तुम्हाला एक तक्ता मिळाला. त्यात दोन रकाने, ‘एक देव’ आणि ‘अनेक देव’. पहिल्यात यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि शीख, दुसऱ्यात एकटे हिंदू. तू विचारलंस, “आई, आजी म्हणते देव एकच आहे, मग देव्हाऱ्यात इतके कसे? आपण नक्की कुठल्या रकान्यात? आणि माझ्या मुसलमान मैत्रिणीला काय सांगू?” जेवता जेवता सांगण्याइतकं हे छोटं नाही, म्हणून लिहून देते आहे.

आधी देव्हाऱ्यापाशी जाऊ. पूजा सुरू होताना कुणाकुणाला नमस्कार होतो ते नीट ऐक. पहिला गणपती. मग इष्टदेवता, कुलदेवता, ग्रामदेवता, स्थानदेवता, वास्तुदेवता. यातल्या प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. इष्टदेवता ही तुझ्या मनाला भावलेली. ती तू निवडायचीस. कुलदेवता निवडता येत नाही, ती आडनावासारखी घराण्याकडून येते. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई ही अशी कुलदैवतं. देव्हाऱ्यात चांदीचे जे छोटे चपटे ठसे उभे असतात, त्यांना टाक म्हणतात आणि ते या कुलदैवतांचे असतात. ग्रामदेवता गावाची वेस राखते. स्थानदेवता म्हणजे जिथे बसून पूजा चालली आहे त्या जागेची. इंग्लंडात पूजा केली तर तो नमस्कार इंग्लंडच्या मातीला पोचतो. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने हा शब्द गडबडीत गिळू नये असं मला फार वाटतं.

इथपर्यंत तू म्हणशील, झालं की, दुसरा रकाना! पण त्याच पूजेच्या शेवटी एक श्लोक येतो: ‘आकाशात् पतितं तोयं यथा गच्छति सागरम् । सर्वदेवनमस्कारः केशवं प्रति गच्छति ॥’ आभाळातून कुठेही पडलेलं पाणी जसं समुद्राला मिळतं, तसा कुठल्याही देवाला केलेला नमस्कार केशवाला पोचतो. अर्ध्या तासाच्या एकाच पूजेत दोन्ही रकाने येऊन गेले.

पंचायतनात हे आणखी स्पष्ट दिसतं. पंचायतन म्हणजे शिव, विष्णू, गणपती, देवी आणि सूर्य हे पाच देव एकत्र. आपला इष्ट असेल तो मध्ये आणि उरलेले चार कोपऱ्यांत. विष्णू मध्ये असेल तर ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी. शिव मध्ये आला की क्रम बदलतो: विष्णू, सूर्य, गणपती, देवी. म्हणजे मधली जागा कुणा एकाच्या नावावर कायमची लिहिलेली नाही. मूर्तीच हव्यात असंही नाही. परंपरेने नर्मदेतला बाण नावाचा गोटा हा शिव, गंडकीतला शाळिग्राम हा विष्णू, शोण नदीतला तांबडा दगड हा गणपती, स्फटिक हा सूर्य आणि धातूची झाक असलेला दगड ही देवी.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघ. पाचही देव एकाच ताम्हनात असले तरी ज्याचं त्यालाच द्यायचं. शिवाला बेल, गणपतीला दूर्वा, विष्णूला तुळस. नवशिक्यांची चूक इथेच होते. हाताला लागेल ते सगळ्यांवर वाहून टाकतात. विष्णूला अक्षता वाहत नाहीत, गणपतीला तुळस चालत नाही (भाद्रपदातल्या चतुर्थीला पत्रीत तेवढी चालते), देवीला दूर्वा नाही आणि सूर्याला बेल नाही. इतका काटेकोर भेद! पण षोडशोपचारांच्या पूजेत पाचांवर धार एकाच पळीतून पडते आणि मंत्रही एकच असतो, पुरुषसूक्त. त्यात सोळा ऋचा आणि उपचारही सोळा. ज्या ‘सहस्रशीर्ष’ पुरुषाची ती स्तुती आहे, तो एकच आहे. पान वेगळं, मंत्र एक.

तुझ्यासारखाच प्रश्न बृहदारण्यक उपनिषदात आहे. शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो, देव किती? उत्तर येतं तीन आणि तीनशे, तीन आणि तीन हजार, म्हणजे 3306. ठीक, पण खरे किती? 33. खरे किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, शेवटी एक. त्या 33 मध्ये आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. दीड म्हणजे वाहणारा वारा आणि एक म्हणजे प्राण, ब्रह्म. यातलं कुठलंच उत्तर याज्ञवल्क्य चूक म्हणून खोडत नाही, हे लक्षात ठेव.

आता आजीचं ‘देव एकच’. ते बहुतेक वारकऱ्यांकडून आलेलं आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असं वारकरी मानतात. नरहरी सोनारांची कथा त्यातलीच. ते कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचा करगोटा करायचा म्हणून डोळे बांधून मूर्तीचं माप घ्यायला गेले, तर हाताला शंकर लागला. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पण तुकोबा एवढे मवाळ नाहीत. जाखाई, जोखाई, मेसाबाई या ग्रामदेवतांना ते सरळ नाकारतात आणि आपल्या पंढरीरायाला देवांचाही देव म्हणतात. नामदेवांची 61 पदं तर शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तुमच्या तक्त्यात शीख पहिल्या रकान्यात आणि नामदेव दुसऱ्यात. शिक्षकांना हे जरूर दाखव.

महाराष्ट्रात याहून कडक एकेश्वरवादही आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापला. त्यांच्या मते जीव, देवता, प्रपंच (म्हणजे हे जग) आणि परमेश्वर हे चारही अनादी आणि एकमेकांपासून वेगळे. देवता आहेत, किती ते मोजूनही ठेवलंय, एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा. पण त्या देतील ते फळ संपणारं. मोक्ष देणारा परमेश्वर एकच, म्हणून भक्ती त्याचीच. देवता कोट्यवधी मानायच्या आणि भजायचा एक, याला तुझ्या तक्त्यात जागाच नाही. पुढे 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. त्यांनी मूर्ती बाजूला ठेवली, पण संतांचे अभंग सोडले नाहीत. जोतीराव फुल्यांनी एकाच ‘निर्मिका’ची, म्हणजे निर्मात्याची, कल्पना मांडली आणि 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. मधल्या पुरोहिताची त्यांना गरज वाटली नाही.

आता पलीकडच्या बाजूचं. ‘शेवटी सगळं एकच’ असं आपल्याकडे चटकन म्हणतात. मैत्रिणीला ते म्हणू नकोस. तिला ते पटणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. तिच्या कुराणात इख्लास नावाचा चार आयतींचा छोटा सूरा आहे. अल्लाह एक आहे, सर्वांचा आधार आहे, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याने कुणाला दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. या एकपणाला तौहीद म्हणतात, आणि त्यात कुणाला भागीदार करणं म्हणजे शिर्क, सगळ्यांत मोठं पाप. म्हणजे तिथे ‘एक’ हा नुसता आकडा नाही, ती निष्ठा आहे. दुसऱ्याला हात जोडायचेच नाहीत. शिवाय निर्माता वेगळा आणि निर्मिती वेगळी. आपल्याकडे नदीतला दगड देव होऊ शकतो, कारण देव सृष्टीत भरून आहे असं आपण मानतो. खरा फरक इथे आहे, आकड्यात नाही. ख्रिस्ती लोक एकाच देवात तीन व्यक्ती मानतात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पण त्या तीन आहेत म्हणून देव तीन होत नाहीत, यावर ते ठाम असतात.

आणि एकेश्वरवादी म्हणजे परके असं समजू नकोस. अलिबागच्या आसपासचे बेने इस्राएल हे यहुदी घरात मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्यांची मुख्य प्रार्थना, शेमा, देव एकच आहे हेच सांगते. मूर्ती नाही, नैवेद्य नाही. पण शुभकार्यात एलियाहू हनावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं. प्रार्थना देवाचीच असते, संदेष्ट्याची फक्त आठवण. ताट बघशील तर म्हणशील, हे तर आपलंच.

मैत्रीण विचारेल की तुम्ही मातीच्या पुतळ्याला देव मानता का. तिला गणेश चतुर्थीचा क्रम सांग. मूर्ती बाजारातून घरी येते तेव्हा ती मातीच असते. चतुर्थीला मूर्तीला हात लावून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतात, तेव्हा देवाला तिच्यात बोलावतात. पूजा होते ती त्या आलेल्या पाहुण्याची. निघताना उत्तरपूजा करतात, अक्षता वाहतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. ते हलवणं म्हणजे निरोप. त्यानंतर पाण्यात जाते ती पुन्हा माती.

तक्ता भरताना दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर ‘हिंदू’ लिही आणि खाली छोट्या अक्षरात ‘याज्ञवल्क्य: दीड’. शिक्षकांनी विचारलं तर वर सगळं आहेच.

तुझी,
आई